बोटीच्या मोटरचं ऑइल गळतंय? आधी कुठलं ऑइल ते ओळखा, मग पाना उचला

मे संपत आला की नदीकाठच्या गावांत ग्रामपंचायतीच्या गोडाऊनमधनं बोट बाहेर निघते, ताडपत्री काढतात आणि मोटरच्या खाली फरशीवर काळा डाग दिसतो. मग कुणी म्हणतं इंजिनचं काम निघालं, कुणी म्हणतं खालचं सील गेलं, आणि कुणीतरी पाना घेऊन पहिला दिसेल तो बोल्ट आवळायला लागतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर पाणी गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, त्यानंतर नदीकाठी बऱ्याच गावांकडं बोटी आल्या. पण वर्षातला बहुतेक काळ त्या पडून असतात आणि पडून राहिलेल्या मोटरची रबरं सुकतात. तिकडं साताऱ्याच्या बाजूला कोयनेच्या शिवसागर जलाशयात, तापोळा-बामणोलीला, बोटी सारख्या चालतात, तिथली दुखणी वेगळी, कारण उन्हाळ्यात कोयनेचं पाणी उतरलं की बुडालेली खोडं आणि दगड वर येतात आणि खालचा गिअरबॉक्स त्यावर आपटतो.

हा लेख मागं लटकवायच्या मोटरबद्दल आहे, ज्याला बचाव पथकातली पोरं ओबीएम (आउटबोर्ड मोटर) म्हणतात, साधारण १५ ते ६० एचपीपर्यंतच्या. आतल्या डिझेल इंजिनचा विषय वेगळा.

माझं म्हणणं एवढंच की थेंब जिथं पडतो तिथं लीक नसतं. ही मोटर उभी असते, त्यामुळं वरचं ऑइल पायावरनं, म्हणजे इंजिनापासनं खाली गिअरबॉक्सपर्यंतच्या उभ्या भागावरनं, ओघळत खाली येतं आणि शेवटी पंख्याच्या (प्रोपेलरच्या) टोकावरनं किंवा पंख्याखालच्या उभ्या पात्यावरनं टपकतं. म्हणजे वर टॅपेट कव्हरचं (व्हॉल्व्हवरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलेलं असतं आणि आपण खाली गिअरबॉक्स खोलून बसतो. त्यात पैसे जातात आणि चांगलं बसलेलं सील उगाच हलतं.

आधी ओळखा, गळतंय ते नक्की काय

मोटरमधे एकच ऑइल नसतं. फोर स्ट्रोक असेल तर वर इंजिन ऑइल, खाली गिअर ऑइल, आणि पॉवर ट्रिम (बटणावर मोटर वर-खाली करायची सोय) असेल तर त्याचं हायड्रॉलिक ऑइल. टू स्ट्रोकमधे वर वेगळं इंजिन ऑइल साठून राहत नाही, ते पेट्रोलमधे मिसळलेलं असतं, किंवा मोठ्या मोटरला वेगळी टाकी असते. शिवाय पंख्याच्या शाफ्टला लावलेलं ग्रीस, ते उन्हात वितळून खाली येतं आणि बघणाऱ्याला वाटतं सील फुटलं.

रात्री मोटर एकदम सरळ उभी करा, खाली पांढरा पुठ्ठा ठेवा, साडीच्या बॉक्सचा असतो ना तसला. पुठ्ठ्यावर पेनानं खुणा करा, पंखा कुठं, पुढची बाजू कुठली. सकाळी डाग कुठं आहे ते बघा आणि बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा हाताला लागला की जेवताना पण येतो, त्यामुळं ते ओळखायला सगळ्यात सोपं. इंजिन ऑइल वापरलेलं असेल तर काळपट, पातळ, जळका वास. ट्रिमचं ऑइल अजून पातळ, बऱ्याच मोटरमधे लालसर. टू स्ट्रोकचं ऑइल निळसर किंवा हिरवट आणि सोबत पेट्रोलचा वास. ग्रीस असेल तर दोन बोटांत चोळल्यावर त्याचा लगदा राहतो, ऑइल नुसतं सरकतं.

शंका असेल तर थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका. पेट्रोल मिसळलेलं असेल तर फिकट कडा झपाट्यानं बाहेर पसरते आणि मधे ऑइलचा डाग राहतो. नुसतं ऑइल असेल तर सावकाश पसरतं.

गिअर ऑइल दुधासारखं किंवा चहासारखं झालेलं दिसलं तर आत पाणी गेलंय. अशा वेळी ऑइल बाहेर येतंय यापेक्षा पाणी आत जातंय हा मोठा विषय आहे, कारण आतल्या बेअरिंगला गंज धरतो. ते खाली वेगळं सांगतो.

लीक नसतानाही गळतं, ते आधी बाजूला काढा

फोर स्ट्रोक मोटर चुकीच्या कुशीवर झोपवून टेम्पोतनं आणली असेल तर ऑइल सिलेंडरमधे आणि कार्बोरेटरच्या बाजूला जातं आणि मग कव्हरच्या खालनं टपकतं. मॅन्युअलमधे कुठल्या कुशीवर झोपवायची ते चित्रासकट दिलेलं असतं, लहान मोटरच्या एका अंगाला त्यासाठी रबरी गुटके पण असतात. उलटी झोपवली असेल तर लगेच स्टार्टरची दोरी ओढू नका. सरळ उभी करून बराच वेळ ठेवा, प्लग काढा, हातानं हळू फिरवा, प्लगच्या भोकातनं ऑइल आलं तर येऊ द्या. सिलेंडरमधे ऑइल भरलेलं असताना जोरात ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

दुसरं, ऑइल जास्त भरलेलं. मोटर मागं वाकवलेली असताना ऑइल मोजायची पट्टी बघितली की ऑइल कमी दिसतं, मग कुणीतरी अजून ओततं, आणि चालवल्यावर ते जास्तीचं ब्रीदरच्या नळीतनं (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) एअर बॉक्समधे, म्हणजे हवा आत घ्यायच्या डब्यात, येतं. मोटर उभी, बंद करून दहा मिनिटं झाल्यावर पट्टी बघायची.

पट्टीवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइलमधे पेट्रोल उतरतंय. मोटर तासन्तास मंद गतीवर चालली की असं होतं, पुरात शोध घेताना तशीच चालवतात. थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारी झडप) उघडा अडकून इंजिन कायम थंड राहिलं तरी होतं. टॅपेट कव्हरवर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तरी होतं. असं पातळ झालेलं ऑइल सीलमधनं लवकर झिरपतं आणि बेअरिंग पण खातं. इथं सील बदलून उपयोग नाही, कारण सुधारा आणि ऑइल बदला.

तिसरं टू स्ट्रोकवाल्यांसाठी. पंख्याच्या मधल्या भोकातनं काळं, चिकट, पातळसर काहीतरी टपकतं ते बहुतेक वेळा न जळलेलं ऑइल असतं, कारण या मोटरचा धूर पंख्याच्या मधूनच बाहेर जातो. थोडं असणारच. पण जास्त असेल तर मिश्रण बघा. ५० ला १ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल. पाच लिटरच्या कॅनमधे अंदाजानं अर्धी बाटली ओतणारे लोक मी बघितलेत, त्यांच्या मोटरचा धूर नदीच्या पलीकडनं दिसतो. ऑइल टीसी-डब्ल्यू थ्री लिहिलेलंच घ्या, मोटरसायकलचं टू-टी ऑइल नको, कारण त्यात राख होणारे पदार्थ असतात आणि पाण्यानं थंड होणाऱ्या मोटरला ते चालत नाहीत.

आणि चौथं, नुकतंच गिअर ऑइल बदललं असेल तर भरताना सांडलेलं ऑइल खाचांत साठून एकदोन दिवस टपकत राहतं. पुसा, परत बघा, घाबरू नका.

धुवा, वाळवा, पावडर मारा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे इथंच चुकतात. घाण मोटरवर लीक शोधायचं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

वरचं कव्हर काढा. बॅटरीची वायर सोडा. डीग्रीजर किंवा शाम्पूचं कोमट पाणी, जुना टूथब्रश, फडकी. डिझेल किंवा रॉकेल वापरायचं तर फडक्याला लावून फक्त धातूवर, टायमिंग बेल्टवर आणि रबरी नळ्यांवर एक थेंब पडू देऊ नका, बेल्ट फुगतो. गाड्या धुवायच्या सेंटरवर नेऊन प्रेशरनं धुणं हा प्रकार करूच नका, पाणी वायरिंगमधे आणि सीलच्या ओठांतनं आत घुसतं. नंतर पूर्ण वाळू द्या, उन्हात नाही, सावलीत वाऱ्याला.

धुतानाच बऱ्याच गोष्टी कळतात. जिथं धूळ आणि ऑइल मिळून काळी जाड साय धरलेली असते, तिथलं लीक जुनं. जिथं पृष्ठभाग नुसता ओला आणि चकचकीत आहे, तिथलं ताजं.

आता टाल्कम पावडर. कुठलीही पांढरी चालते. टॅपेट कव्हरच्या कडेनं, ऑइल फिल्टरच्या गळ्याला, ऑइल पट्टीच्या भोकापाशी, ड्रेन बोल्टला, इंजिन आणि पाय जुळतो त्या जोडाला, आणि खाली गिअरबॉक्सच्या ऑइलच्या दोन्ही स्क्रूंना (वरचा आणि खालचा) फुंकरीनं पावडर मारा. पंखा काढून शाफ्टच्या मुळाशी पण. टायमिंग बेल्टजवळ आणि एअर बॉक्सच्या तोंडाशी मात्र नको, आत ओढली जाते.

बॅरलमधे चालवून बघा

मोठा प्लास्टिकचा बॅरल घ्या, मोटर बसेल असा लाकडी ओंडका किंवा स्टँड करा, पंखा काढून ठेवा. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर आलं पाहिजे. पाण्याशिवाय काही सेकंद पण चालवू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर लगेच जळतो. मागच्या भोकातनं पाण्याची धार येते का बघा, नाही आली तर ताबडतोब बंद. गिअर टाकायचा नाही, मंद गतीवरच ठेवायची. मोटर बंद करणारी लाल दोरी मनगटाला. आणि हे सगळं उघड्यावर, शटर अर्धं लावलेल्या गाळ्यात नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

दहा-पंधरा मिनिटांत इंजिन गरम होतं आणि पावडरवर ओली रेघ उमटते. वरनं खाली बघत या आणि सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधा. त्याच्या खालचं सगळं ओघळ असतं, ते सोडून द्या. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, समोरनं धरला तर ऑइल चमकत नाही, तिरक्या उजेडात लगेच दिसतं.

फोर स्ट्रोकमधे नेहमीची ठिकाणं सांगतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, हे सगळ्यात जास्त वेळा. लोक बोल्ट जोरात आवळतात, कव्हर वाकतं आणि लीक वाढतं, मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळायचं. ऑइल फिल्टर, त्यात जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवीन फिल्टर बसवला तर दोन रबरांमधनं भसकन ऑइल येतं. ऑइल भरायच्या टोपीची ओ-रिंग, पट्टीची ओ-रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, ड्रेन बोल्टचा वायसर. हे सगळं घरी होण्यासारखं आहे.

फ्लायव्हीलच्या खालनं ऑइल येत असेल, टायमिंग बेल्ट ओला दिसत असेल, तर वरचं क्रँक सील किंवा कॅमचं सील. बेल्ट ऑइलनं भिजला की तो पण बदलावा लागतो. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, हातोडी मारून काढू नका, मिस्त्रीकडं द्या.

इंजिन आणि पाय जुळतो तिथनं येत असेल तर ते खालचं पॅकिंग किंवा ऑइल पॅन. त्यासाठी वरचं अख्खं इंजिन उचलावं लागतं. खर्चिक काम आहे, म्हणून हा निष्कर्ष काढायच्या आधी दोनदा धुवून दोनदा बघा.

सील बदलायच्या आधी मात्र ब्रीदरची नळी काढून तोंडानं फुंकून बघा, मधे रोधक झडप असेल तर ज्या दिशेनं उघडते त्या दिशेनं. आपल्याकडं कुंभारीण माशी पडून राहिलेल्या मोटरच्या नळीत मातीचं घर करते, मी त्यातनं करंगळीएवढी मातीची कांडी बाहेर काढलीय, आत वाळलेली अळी पण होती. नळी बंद झाली की क्रँककेसमधला दाब बाहेर जायला जागा राहत नाही आणि तो ऑइलला जिथं कमजोर सील असेल तिथनं ढकलतो. अशा मोटरमधे दोनतीन ठिकाणांहून एकदम गळतं. एकाच वेळी सगळीकडनं लीक दिसलं तर सीलवर शंका घेऊ नका, आधी नळी बघा.

टू स्ट्रोकमधे कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या नळीचे जोड बारकाईनं बघा. तिथनं पेट्रोल झिरपतं, ते उडून जातं, पण त्यातलं ऑइल मागं राहतं आणि थर साठत जातो, त्यामुळं ऑइलचं लीक वाटतं ते खरं तर पेट्रोलचं लीक असतं. आणि ते आगीच्या दृष्टीनं जास्त वाईट. हल्ली पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं, पेट्रोल मिळतं आणि बोटीच्या बहुतेक मोटरच्या मॅन्युअलमधे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडतात. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून तो टणक झाल्यावर जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा, डाग पडला तर क्लिप आणि नळी बदला.

खालचा गिअरबॉक्स

पूरपट्ट्यातल्या मोटरचं खरं दुखणं इथं असतं. पुराच्या पाण्यात गाळ, उसाचं पाचट, द्राक्षबागेच्या तारा, ठिबकच्या नळ्या, सगळं पंख्यात अडकतं. पण सगळ्यात वाईट तंगूस, मासेमारीच्या जाळ्याची. ती बारीक असते, पंख्याच्या मागं शाफ्टला गुंडाळते आणि फिरता फिरता सीलच्या ओठाखाली जाते. बाहेरनं काहीच दिसत नाही. पंखा काढायला वेळ लागत नाही, पिन, नट, वायसर, पंखा, आणि मागची जाड रिंग, काढायच्या क्रमानं फडक्यावर मांडत जा. शाफ्टच्या मुळाशी टोकदार काडी फिरवा. कधीकधी तिथं पारदर्शक कड्यासारखं काहीतरी दिसतं आणि वाटतं सीलचाच भाग आहे, नख लावलं की धागा सुटून येतो. प्रत्येक पुरानंतर हे एकदा करायचंच.

ऑइल तपासायला मोटर रात्रभर उभी ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं. सकाळी वरचा स्क्रू न काढता खालचा थोडा सैल करा, आधी पाणी आलं तर निकाल लागला. खालच्या स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावरची राखाडी मऊ पेस्ट चालते, पण धातूच्या बारीक कपच्या निघाल्या तर गिअर खराब होतायत.

दोन्ही स्क्रूंचे वायसर दर वेळी नवीन घाला. चार-दोन रुपयांची वस्तू म्हणून लोक जुनाच वायसर परत लावतात, आणि गिअरबॉक्सच्या लीकच्या तक्रारींत हे फार वेळा निघतं. गिअरबॉक्स उघडण्याआधी नवीन वायसर लावून एक दिवस बघाच.

तरी गळतंय तर प्रेशर टेस्ट. ऑइल काढा, एक स्क्रू बंद करा, दुसऱ्या भोकात आटे जुळणारा नळीचा तुकडा बसवून सायकलचा गेज असलेला हातपंप जोडा. सुरुवात ३ ते ५ पीएसआयनं करा, मग १० पर्यंत न्या, आणि पाच-दहा मिनिटं थांबा. मॅन्युअलमधे आकडा दिला असेल तर तोच धरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावायचा नाही, चांगलं सील पण उलटून जाईल. दाब असतानाच पंख्याचा शाफ्ट हातानं फिरवा, गिअर पुढं-मागं करा, कारण काही सील एकाच जागी गळतात. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठं येतात बघा. पंख्याच्या शाफ्टपाशी आले तर तिथलं सील, किंवा त्या मागच्या कव्हरची ओ-रिंग. गिअरच्या दांडीपाशी आले तर तिचं छोटं सील. वर पाण्याच्या पंपाच्या बाजूनं आले तर मुख्य शाफ्टचं वरचं सील, पण ते बघायला पाय उतरवावा लागतो. गिअरबॉक्सच्या अंगावर मधेच आले तर चीर, आणि शिवसागरातल्या खोडावर आपटलेल्या मोटरमधे ती बहुतेक पंख्याखालच्या पात्याच्या मुळाशी असते.

दाब धरला तरी पाणी आत जातंय असं पण होतं. चालून गरम झालेला गिअरबॉक्स थंड पाण्यात उभा राहिला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ओढते, त्यामुळं मिस्त्रीकडं व्हॅक्युम पंप असेल तर उलटी टेस्ट पण करून घ्या.

भरताना खालच्या भोकातनं भरायचं, वरनं बुडबुडे थांबून सलग ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वरनं ओतलं तर हवा अडकते. किती लागतं ते मोटरप्रमाणं बदलतं, नेमका आकडा मॅन्युअलमधे. भरलेलं माप आणि काढलेलं माप लिहून ठेवा, पुढच्या वेळी किती गळालं ते कळतं. काढलेलं ऑइल कॅनमधे भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या, कृष्णेत सोडू नका, तेच पाणी खालच्या गावांच्या जॅकवेलला जातं.

सील आणताना जुनं सील सोबत न्या, त्यावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या दुकानात मापाचं मिळतं, पण पंख्याच्या शाफ्टला बऱ्याच मोटरमधे दोन सील असतात, आणि ती कुठल्या दिशेनं तोंड करून बसलीत याचा फोटो काढल्याशिवाय उपटू नका. शाफ्टवर सील बसतं तिथं नखाला खाच लागली तर नवीन सील पण गळणार, मग सील थोडं पुढं-मागं बसवता येतं का ते मिस्त्रीला विचारा.

ट्रिमचं लीक असेल तर ओळखायला सोपं, वर उचललेली मोटर रात्रीत खाली आलेली असते आणि दांड्याभोवती ओलं असतं. दांडा पुसून त्यावर ओरखडा आहे का बघा, सील बदलणं मिस्त्रीचं काम.

पाणी चढलंय आणि मोटर गळतेय, चालवायची का?

टॅपेट कव्हर किंवा टोपीपाशी नुसता ओलावा असेल आणि पट्टीवर ऑइल दोन खुणांमधे असेल तर चालवा, दर फेरीनंतर पट्टी बघा, एक लिटर त्याच ग्रेडचं ऑइल बोटीत ठेवा, एफसी-डब्ल्यू लिहिलेलं. गिअर ऑइल थोडं झिरपतंय पण रंग साफ आहे तर पण चालेल, संध्याकाळी भरून घ्या. गिअर ऑइल दुधाळ असेल तर ते काढून नवीन भरा आणि तेवढ्यावर तातडीचं काम उरका, पण पाणी ओसरलं की लगेच खोला, पुढच्या वर्षीवर ढकललं तर गिअरबॉक्सच बदलावा लागेल. इंजिन ऑइल दुधाळ असेल, ऑइल प्रेशरचा दिवा किंवा बझर लागत असेल, किंवा कुठंही पेट्रोल टपकत असेल तर ती मोटर माणसं भरलेल्या बोटीला लावायची नाही. दुसरी मोटर मागवा, आणि ती येईपर्यंत वल्ही बोटीत टाका.